वज्रेश्वरीच्या पायऱ्या आणि वसईच्या घंटा

भिवंडी शहराबाहेर पडून उत्तरेस वाड्याकडे जाणाऱ्या सडकेने निघाले, की यंत्रमागांचा खडखडाट हळूहळू मागे राहतो. भाताची खाचरे, ताडांची रांग, मधूनच एखादी वीटभट्टी असे करीत सडक अंबाडीस येते. तेथून एक फाटा डावीकडे वळतो व तानसा नदीच्या काठी वसलेल्या वज्रेश्वरी या गावी पोहोचतो. गाव ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात मोडते. त्याच्या आसपास, अकलोली व गणेशपुरी येथे, उन्हाळी म्हणजे गरम पाण्याची कुंडे आहेत. नदीचे पाणी थंडगार आणि तिच्या काठावरील कुंडांतील पाणी कढत, हे निसर्गाचे नवल पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येथे येतात. स्नान आटोपून यात्रेकरू मंदागिरी नावाच्या लहानशा टेकडीकडे वळतात. या टेकडीवर वज्रेश्वरी देवीचे देऊळ आहे.

देवळाला चढून जाण्यासाठी बावन्न दगडी पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेले असून भाविक त्यास हळदकुंकू वाहतात. वर चढता चढता नव्या माणसाच्या मनात एक शंका सहज उभी राहते. आपण देवळाकडे चाललो आहोत की किल्ल्याकडे? कारण समोर दिसते ते उंच दगडी तटाने वेढलेले प्रवेशद्वार, आणि त्यावरचा नगारखाना. हा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधविला. आत दीपमाळ आहे, सभामंडप आहे, गाभारा आहे. देवी मध्यभागी उभी असून तिच्या हाती खड्ग व गदा आहे. देवीच्या हाती शस्त्र असणे आपल्याकडे नवलाचे नाही. परंतु देवळाला किल्ल्याचा तट असावा, याला काही कारण पाहिजे.

ते कारण असे, की हे देऊळ एका युद्धाचे स्मारक आहे. युद्धाची स्मारके म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरी स्तंभ, चबुतऱ्यावर मांडलेल्या तोफा किंवा अश्वारूढ पुतळे उभे राहतात. त्यांवर कोणीतरी नावे कोरलेली असतात, आणि वर्षातून एकदा त्यांच्यापुढे फुले वाहिली जातात. अठराव्या शतकात मराठ्यांनी असे स्तंभ क्वचितच उभारले. त्यांनी देवळे बांधली, नवस फेडले, घाट बांधले आणि घंटा टांगल्या. म्हणून त्या काळातील युद्धाची खूण शोधू जाणाऱ्याला रणांगणापेक्षा देवळांतच अधिक काही सापडते. वज्रेश्वरीचे देऊळ ज्या युद्धाची आठवण देते, ते मराठे व पोर्तुगीज यांच्यात १७३७ ते १७३९ या काळात झाले. इतिहासात ते वसईची मोहीम या नावाने प्रसिद्ध आहे.

हे दोघे एकमेकांचे शेजारी होते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पोर्तुगाल देश हजारो मैल दूर असला, तरी पोर्तुगीज सत्ता मात्र खाडीच्या पलीकडे नांदत होती. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगिजांना दिला. तेव्हापासून दमणपासून चौलपर्यंतच्या किनारपट्टीवर त्यांनी आपले बस्तान बसविले. या मुलखाला ते उत्तरेचा प्रांत म्हणत. मराठे त्याला फिरंगाण म्हणत. वसई ही त्याची राजधानी. ठाणे व साष्टी बेटही त्यातच होते. उल्हास नदी व तिची खाडी हीच पुष्कळ ठिकाणी दोन राज्यांमधील सीमा झाली होती. अलीकडे कल्याण आणि भिवंडी, पलीकडे ठाणे आणि साष्टी. एका काठावरील कोंबडा आरवला, तर दुसऱ्या काठावर ऐकू जावा, इतके हे अंतर!

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केली, तेव्हा या शेजाराला नवे रूप आले. महाराजांनी येथे जहाजे बांधावयास घेतली. गंमत अशी, की या कामासाठी प्रथम जे कारागीर लावले त्यांत पोर्तुगीजच होते. रुय लैतांव व्हिएगश हे त्यांच्या प्रमुखाचे नाव पोर्तुगीज कागदपत्रांत नमूद आहे. शेजाऱ्याच्या हाती आरमार येणे पोर्तुगिजांना कसे परवडावे? वसईच्या अधिकाऱ्यांनी या कारागिरांचे मन वळविले, आणि ते काम टाकून निघून गेले. तरीही जहाजे बांधली गेलीच, कारण तोवर इकडचे सुतार व लोहार पाहूनपाहून बरेच शिकले होते. शेजाऱ्यापासून कला उचलावी, त्याच्याशी मीठ-तांदळाचा व्यवहार करावा आणि रात्री त्याच्यावर नजरही ठेवावी, असा हा संबंध पुढे पाऊणशे वर्षे चालला.

मग युद्ध का पेटले? राज्यविस्ताराची इच्छा दोन्ही बाजूंना होती, हे खरेच. परंतु तेवढ्याने ते सारे उलगडत नाही. फिरंगाणातील हिंदू प्रजेला आपले सण, विवाह व धर्मकृत्ये उघडपणे करण्यास अनेक बंधने होती. देवळे पाडली गेली होती. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा धाक उत्तरेच्या प्रांतातही पोहोचत असे. मुसलमान प्रजेचीही यातून सुटका नव्हती. माणसे मुलाबाळांसह खाडी ओलांडून अलीकडे येऊ लागली, आणि येताना आपली गाऱ्हाणी घेऊन आली. ही गाऱ्हाणी पुण्याच्या दरबारापर्यंत पोहोचविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत भिवंडीजवळच्या अणजूर गावच्या नाईक घराण्याचे नाव अग्रभागी आहे. गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ यांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घातले. त्यांना सैन्य मागावयाचे होते. पण त्याबरोबर ते देतही होते फार मोलाची वस्तू. खाडीला ओहोटी केव्हा लागते, कोणत्या ठिकाणी पाणी कमरेइतके असते, कोणत्या गावातील माणूस विश्वासाचा आहे, ही सारी माहिती त्यांच्यापाशी होती. दरबारात बसलेल्या सरदाराला नकाशा दिसतो. चिखल कोठे आहे हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक असते. साष्टीच्या बखरीत नाईकांच्या या खटपटीची हकीकत विस्ताराने आली आहे.

१७३७ च्या उन्हाळ्याच्या आरंभी मराठी फौज खाडी उतरून साष्टीत शिरली. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतला होता आणि अजून तो पुरा झाला नव्हता. तो अपुरा किल्ला मराठ्यांनी घेतला, आणि त्याबरोबर बहुतेक साष्टी त्यांच्या हाती आली. एवढे यश एवढ्या त्वरेने मिळाल्यामुळे वसईही अशीच पडेल असे वाटले असावे. शंकराजी केशव फडके यांनी तिला वेढा घातला. पण वसई पडली नाही. शिड्या लावून केलेले हल्ले परतवले गेले, पावसाळा आला, आणि वेढा ढिला पडला.

वसईचा किल्ला असा सहज पडण्यासारखा नव्हताच. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा त्याचा तट. तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल. केवळ उत्तरेच्या अंगास कोरडी, वाळूची जमीन. आत केवळ सैन्य नव्हते, तर एक अख्खे शहर होते. रस्ते, वाडे, इस्पितळ, मठ आणि कितीतरी चर्चे तटाच्या आत होती. समुद्रावर पोर्तुगिजांचे वर्चस्व असल्यामुळे त्यांना दाणागोटा व दारूगोळा पाण्याच्या वाटेने मिळू शके. अशा किल्ल्यावर विजय मिळवावयाचा, तर त्याच्या अवतीभोवतीची एकेक चौकी प्रथम काढून घेतली पाहिजे, हे चिमाजी अप्पांनी ओळखले.

चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. प्रकृतीने नाजूक, कफाच्या विकाराने सदा पीडलेले. थोरल्या भावाच्या झळाळीपुढे त्यांचे नाव झाकून गेले, असे पुष्कळदा म्हणतात. परंतु चिकाटीच्या कामात त्यांची बरोबरी करणारा सेनापती त्या काळी विरळा. १७३८ च्या अखेरीस ते कोकणात उतरले. १७३९ च्या जानेवारीत माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा उमदा सरदार गोळी लागून ठार झाला. त्याच्या मृत्यूने चिमाजी अप्पा अतिशय हळहळले. विजयाच्या बातमीबरोबर पुण्यास पोहोचली ती ही बातमी.

फेब्रुवारीत वसईला अखेरचा वेढा पडला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हेही येऊन मिळाले. समुद्रावर मानाजी आंग्रे यांची मदत होती. उत्तरेच्या वाळूतून मराठ्यांनी मोर्चे पुढे नेले, आणि तटाखाली सुरुंग खणण्यास आरंभ केला. हे काम तोफेच्या माऱ्याखाली करावयाचे होते. दिवसा खणलेली माती रात्री ढासळे. आतून पोर्तुगीज प्रतिसुरुंग लावीत, हातबॉम्ब व पेटते पदार्थ खाली टाकीत. त्यांचा सेनापती मार्तिन्यु दा सिल्व्हैरा वेढ्यात ठार झाला, तरी त्यांनी शस्त्र ठेवले नाही. त्यांच्या शौर्याची नोंद मराठ्यांच्या पत्रांतही आढळते, आणि ती तशी व्हावी हे मराठ्यांनाही शोभादायकच आहे. इकडे उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरला होता. बाजीरावांना तिकडची चिंता लागली होती, आणि कोकणात गुंतलेली फौज लवकर मोकळी व्हावी असे त्यांना वाटत होते. वसई आता घ्यावयाची, नाहीतर सोडून द्यावयाची, असा हा प्रसंग होता.

याच वेळची एक आख्यायिका महाराष्ट्रातील मुलांना तोंडपाठ असते. किल्ला येत नाही असे पाहून चिमाजी अप्पांनी आपले मस्तक तोफेच्या तोंडी बांधून तरी किल्ल्यात फेका, असे सरदारांना सांगितले, अशी ती कथा. कथा खरी की रचलेली, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट तीतून कळते. मे महिना लागला होता, पाऊस महिन्यावर आला होता, आणि मागच्या खेपेस पावसानेच वेढा मोडला होता. सेनापतीच्या मनाची घालमेल किती असेल, हे सांगण्यास लोकांना ही कथा पुरेशी वाटली.

मे १७३९ च्या दुसऱ्या आठवड्यात सुरुंग उडाले. सॅन सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले. काही सुरुंग वेळेवर न उडता मागाहून उडाले, व आत शिरलेले मराठेच त्यांत सापडले. तरी मागील माणसे पुढे सरसावली, आणि बुरुज हातचा गेल्यावर पोर्तुगिजांचा नाइलाज झाला. १६ मे १७३९ रोजी कैतानु द सोझा परैरा या अधिकाऱ्याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. काही जुन्या ग्रंथांत ही तारीख ५ मे अशी आढळते. तीही चूक नव्हे. त्या वेळी इंग्रज जुने पंचांग वापरीत असत व ते पोर्तुगिजांच्या पंचांगाहून अकरा दिवस मागे चाले. म्हणून एकाच घटनेच्या दोन तारखा झाल्या.

या वेढ्यात मराठ्यांकडील पाच हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, व पोर्तुगिजांची सुमारे आठशे, असा अंदाज इतिहासकारांनी नमूद केला आहे. एवढी हानी सोसून आत शिरलेल्या सैन्याने काय केले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. जगाच्या इतिहासात अशा वेळी शहरे लुटली व जाळली गेल्याचे दाखले हवे तितके सापडतात. परंतु वसईच्या तहाच्या अटी वेगळ्या होत्या. पोर्तुगीज सैन्याने शस्त्रांसह, निशाणे फडकावीत व नगारे वाजवीत मानाने बाहेर पडावे. ज्या कुटुंबांना जावयाचे असेल, त्यांनी आपली चीजवस्त घेऊन जावे. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असे ठरले. आठ दिवसांची मुदत मिळाली. २३ मे रोजी पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले, आणि दोनशे वर्षे वसईवर असलेले त्यांचे निशाण उतरले. ज्या शेजाऱ्याच्या धार्मिक जुलमाविरुद्ध युद्ध सुरू झाले, त्याच्या धर्माच्या माणसांना युद्ध संपल्यावर प्रार्थनेची मोकळीक मिळावी, ही या साऱ्या प्रकरणातील फार मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

आता पुन्हा वज्रेश्वरीकडे वळू. या देवीचे मूळ स्थान उत्तरेस गुंज या गावी होते, व पोर्तुगिजांच्या काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवीला वडवली येथे आणले, अशी परंपरा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांचा मुक्काम या भागात पडला, आणि किल्ला हाती आला तर देवीचे मोठे देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केला. देवीने स्वप्नात येऊन किल्ला कसा घ्यावा हे सांगितले, असेही लोक म्हणतात. विजय मिळाल्यावर त्यांनी नवे सुभेदार शंकराजी केशव यांना देऊळ बांधण्याची आज्ञा केली. वडवलीला पुढे देवीचेच नाव पडले व ते गाव वज्रेश्वरी झाले. ज्यांनी नवस केला त्यांना मात्र फार आयुष्य लाभले नाही. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला चिमाजी अप्पांनीही देह ठेवला. पुण्यात मुठेच्या काठी, ओंकारेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. शनिवारवाडा पाहण्यास येणाऱ्या शेकडो लोकांपैकी फार थोडे तिकडे फिरकतात.

देऊळ बांधले गेले ते रणांगणापासून बरेच दूर, परंतु या युद्धाची दुसरी स्मारके तर याहूनही दूर जाऊन बसली आहेत. ती म्हणजे वसईच्या घंटा. वसई व तिच्या आसपासच्या चर्चांवरील मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी उतरविल्या, आणि सह्याद्रीचे घाट चढून त्या देशावर नेल्या. आपल्याकडे देवळांत घंटा असतात, पण त्या बहुधा लहान. माणसाच्या कमरेएवढी ओतीव घंटा हे युरोपीय कारागिरीचे वैशिष्ट्य. चर्चच्या मनोऱ्यावर ती दोरखंडाने झुलवून वाजवीत, आणि तिचा नाद शेतांत काम करणाऱ्यांना ऐकू जाई. देवळात आल्यावर ती झुलेनाशी झाली; स्थिर टांगून लोलकाने वाजविली जाऊ लागली.

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधविले. त्याच्या तटाच्या दरवाजावर दगडी कमानीत एक प्रचंड घंटा टांगलेली असून तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढले हे नाशिककर या घंटेच्या खुणेने सांगतात. पाणी घंटेला लागले म्हणजे पुराची कमाल झाली! वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तेथे एका लहानशा घुमटीत अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा असून बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती स्पष्ट दिसते. घाटावर कपडे धुण्यास येणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्या माउलीला पाहत आल्या आहेत. एक घंटा भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्यात, ज्योतिर्लिंगाच्या समोर आहे. महाराष्ट्रातील आणखी कित्येक देवळांत अशा घंटा आढळतात.

जिंकलेल्या शत्रूच्या घंटा नेण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी होती. पोर्तुगालच्या शेजारी स्पेनमध्ये ९९७ साली अल्मन्सूर या मुसलमान सेनापतीने सांतियागो येथील चर्चच्या घंटा काढून कोर्दोबाच्या मशिदीत नेल्या. पुढे १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने कोर्दोबा जिंकले, तेव्हा त्या पुन्हा सांतियागोला परत पाठविल्या. रशियाचा झार पीटर याने तर १७०० मध्ये युद्धात तोफा गमावल्यावर आपल्याच देशातील चर्चांच्या घंटा वितळवून नव्या तोफा ओतल्या. मराठ्यांनाही तोफांची चणचण नेहमीच असे. वसईच्या घंटांचे पितळ-कासे त्यांना तोफखान्यात उपयोगी पडले असते. परंतु या घंटा वितळविल्या गेल्या नाहीत. त्यांवरचा क्रूस, मेरीची आकृती व रोमन अक्षरेही खरवडून काढली नाहीत. ज्या कामासाठी त्या ओतल्या होत्या तेच काम, म्हणजे माणसांना देवापुढे बोलावण्याचे काम, त्या दुसऱ्या देवापुढे करीत राहिल्या. विजयचिन्ह म्हणून त्या आणल्या यात संशय नाही. ज्यांच्या त्या होत्या, त्यांना त्या जाताना काय वाटले असेल, हेही मेणवलीच्या घाटावर उभे राहिले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

युद्धाची काही स्मारके कोणी बांधली नाहीत. ती आपोआप उरली. ठाण्याचा तो अपुरा किल्ला पुढे पुरा झाला, १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि नंतर तेथे तुरुंग झाला. आजही तेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. आगगाडीने ठाण्यास उतरणाऱ्या माणसाला आपण एका रणभूमीवर पाय ठेवीत आहोत, याची जाणीव होण्याचे काही साधन नाही. वसईच्या किल्ल्याला मराठ्यांनी बाजीपूर असे नाव दिले. पण ते लोकांच्या जिभेवर बसले नाही, आणि वसई ती वसईच राहिली. १७८० मध्ये इंग्रजांनी तिला वेढा घालून ती घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहावर सही करून पेशवाईचे स्वातंत्र्य गमावले, तो तह वसईचाच! पहिल्या बाजीरावाच्या भावाने जे स्थान मिळविले, तेथेच त्याच्या वंशजाने ते सारे घालवावे, हा दैवदुर्विलास होय.

आज वसई पालघर जिल्ह्यात आहे, व तिचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. आत गेले, की एकीकडे नागेश्वराचे देऊळ दिसते, एकीकडे चिमाजी अप्पांचे स्मारक व पुतळा. थोडे पुढे गेल्यास छप्पर नसलेली चर्चे लागतात. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. त्यावरची घंटा मात्र नाही. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत, आणि त्यांवर पोर्तुगीज घराण्यांची नावे व मृत्यूची वर्षे कोरलेली आहेत. पलीकडे जेसुइटांच्या चर्चच्या अवशेषांत वसईचाच सुपुत्र गोन्सालो गार्सिया याचे स्मरण करतात. १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे त्याला क्रूसावर मृत्यू आला, व १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. वसईतील ख्रिस्ती माणूस मराठी बोलतो. त्याची शेते, केळीच्या वाड्या, विहिरी येथेच आहेत. त्याचे पूर्वज १७३९ च्या त्या आठ दिवसांत गलबतात बसले नाहीत. ते येथेच राहिले. किल्ल्यातील पुतळा व किल्ल्यातील चर्च या दोहोंपुढून त्याची वाट जाते.

एक उणीव मात्र पाहणाऱ्याच्या मनाला बोचते. पोर्तुगीज सरदारांची नावे थडग्यांवर वाचता येतात. मराठ्यांच्या मोठ्या सरदारांची नावे कागदांत व पुतळ्यांखाली मिळतात. परंतु सुरुंग खणताना वाळूत गाडले गेलेले बेलदार, दोर धरून तटावर चढणारे मावळे, ओहोटीची वाट दाखविणारे कोळी व भंडारी, तोफा ओढून नेणारे गावोगावचे वेठबिगार, आणि तटाच्या आत उपासमारीने मेलेली साधी माणसे यांचे नाव कोणत्याही शिळेवर नाही. वज्रेश्वरीच्या देवळाचा तट पाहताना, त्याचे दगड कोणी वाहून आणले असतील हा विचार मनात येतो. त्या वेढ्यातून जिवंत परतलेल्यांपैकीच काही हात त्यात असतील, असे मानण्यास हरकत नाही.

अणजूरचे नाव आता भिवंडीजवळच्या गोदामांच्या गर्दीत ऐकू येते. मोठमोठी मालवाहू वाहने ज्या पुलांवरून दिवसरात्र खाडी ओलांडतात, त्या खाडीतून एका रात्री माणसे शस्त्रे डोक्यावर धरून चालत गेली होती. पाणी तेच, ओहोटीही तीच.

चैत्राच्या अमावास्येस वज्रेश्वरीची मोठी जत्रा भरते. आदल्या दिवसापासूनच भिवंडी, वाडा, वसई, शहापूर या बाजूंचे लोक येऊ लागतात. आगरी-कोळ्यांच्या बायका डोईवर पदर घेऊन पायऱ्या चढतात, कासवाला हात लावून तो कपाळी नेतात, आणि नगारखान्याखालून आत शिरतात. कोणी मुलासाठी नवस बोलतो, कोणी गलबतासाठी, कोणी यंत्रमागाच्या चार खात्यांसाठी. मोहिमेचे साल त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. देवीची पालखी निघते तेव्हा टेकडीवरून सारा तानसाकाठ दिसतो, आणि पश्चिमेस, तुंगारेश्वराच्या डोंगरांपलीकडे, वसई असते.